नाण्यामागचे सोने कोणी पाहिले?

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात केंद्रीय अन्वेषण विभागाने, म्हणजे सीबीआयने, दिल्ली परिसर, पुणे, नांदेड, कोल्हापूर, बंगळूरु, चंडीगड अशा शहरांतील साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. प्रकरण ‘गेनबिटकॉइन’चे होते. या झडत्यांत सुमारे २३.९४ कोटी रुपये मूल्याची आभासी चलने जप्त झाली. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार या योजनेत लोकांकडून गोळा केलेल्या बिटकॉइनचे मूल्य २०१७ च्याच भावाने ६,६०० कोटी रुपये होते. दोन आकड्यांची तुलना काटेकोर नाही. मधल्या काळात भाव बदलले, इतर मालमत्तांवरही टाच आली. तरीही गेले किती आणि हाती लागते किती, याची कल्पना येण्यास एवढे पुरेसे आहे.

अशा बातम्यांवर आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, लोक हावरट आहेत, त्यांना धडा मिळाला. दुसरी म्हणते, आभासी चलन ही वस्तूच फसवी आहे, तिच्यावर बंदी घाला. दोन्ही प्रतिक्रियांत मूळ प्रश्न निसटतो. या योजनांत पैसे गुंतवणाऱ्यांतील बहुसंख्य लोक जुगारी वृत्तीचे नसतात. त्यांनी आपल्या परीने चौकशी केलेली असते. ‘या नाण्याच्या पाठीशी काय आहे?’ हा योग्य प्रश्नही विचारलेला असतो. त्यावर त्यांना उत्तर मिळालेले असते: सोने आहे, जमीन आहे, यंत्रांची खाण आहे, हिरे आहेत. फसवणूक घडते ती या उत्तरात. म्हणूनच ‘तारण आहे’ या दोन शब्दांची पडताळणी कोणी करायची, हा आजच्या घडीला धोरणाचा प्रश्न आहे.

दहा टक्क्यांचे गणित

गेनबिटकॉइनची रचना पाहण्यासारखी आहे. २०१५ च्या सुमारास दिल्लीच्या अमित भारद्वाज या तरुण उद्योजकाने ती उभी केली. सिंगापूरमधील ‘व्हेरिएबलटेक’ या कंपनीचे नाव तिच्याशी जोडलेले होते. गुंतवणूकदाराने रुपये नव्हे, बिटकॉइन द्यायचे. त्याच्या मोबदल्यात दरमहा दहा टक्के याप्रमाणे अठरा महिने बिटकॉइन परत मिळतील, असे आश्वासन होते. म्हणजे एकाचे एक पूर्णांक आठ दशांश. हे कसे शक्य होणार, याचे उत्तरही तयार होते: तुमचे बिटकॉइन संगणकीय ‘खाणकामा’त गुंतवले जातील, आमच्याकडे त्यासाठी शक्तिशाली यंत्रे आहेत. नवा सदस्य आणणाऱ्यास वेगळा हप्ता होता. २०१७ मध्ये देणी थकू लागली, तेव्हा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे घरचेच नाणे लोकांच्या हाती ठेवण्यात आले. त्याची किंमत बिटकॉइनच्या पासंगालाही पुरणारी नव्हती.

या दाव्याची तपासणी करायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नव्हती. त्रैराशिक पुरेसे होते. बिटकॉइनच्या निर्मितीचा वेग त्याच्या नियमावलीतच बांधलेला आहे. जुलै २०१६ नंतर साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे १,८०० नवी बिटकॉइन तयार होत, म्हणजे महिन्याला ५४,०००. या योजनेत सुमारे ८० हजार बिटकॉइन गोळा झाल्याचा तपास यंत्रणांचा दावा आहे. तो ग्राह्य धरला तर दरमहा दहा टक्के देण्यासाठी ८,००० बिटकॉइन हवी होती. अर्थात जगातील एकूण उत्पादनाचा सुमारे सातवा हिस्सा या एका योजनेच्या यंत्रांतून निघायला हवा होता, आणि तोही वीज, यंत्रे व दलाली यांवर एक पैसाही खर्च न करता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार, हे आपल्या आजीने एका वाक्यात सांगितले असते.

पुण्यात दत्तवाडी आणि निगडी या पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. एप्रिल २०१८ मध्ये भारद्वाज दिल्लीच्या विमानतळावर पुणे पोलिसांच्या हाती लागला. पुढे जामीन, निरनिराळ्या राज्यांतील गुन्हे, सर्वोच्च न्यायालयातील याचिका असा प्रवास झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये मुख्य आरोपीचाच मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये आभासी पाकिटांचे वापरकर्तानाव आणि परवलीचा शब्द तपास यंत्रणेला द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला सहआरोपीला द्यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने विखुरलेले गुन्हे सीबीआयकडे सोपवले आणि खटले दिल्लीत एकत्र आणले. नांदेड किंवा कोल्हापूरच्या ज्या माणसाने २०१६ मध्ये पैसे घातले, त्याच्या वाट्याला दहा वर्षांनंतरही तारखाच आहेत, आणि त्याही आता दिल्लीतल्या.

नाव नवे, खेळ जुना

गेनबिटकॉइन एकटे नव्हते. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी ‘वनकॉइन’च्या प्रचारसभेवर छापा घालून अठरा जणांना अटक केली. जगभर चार अब्ज डॉलरांच्या घरात रक्कम गोळा करणाऱ्या या योजनेविरुद्धच्या सुरुवातीच्या मोठ्या पोलीस कारवायांत तिची गणना करावी लागेल. वनकॉइनमागे प्रत्यक्षात कोणतीही स्वतंत्र, तपासता येण्याजोगी ब्लॉकचेन नव्हती. नाण्याचा ‘भाव’ कंपनीच ठरवत असे. संस्थापिका रुजा इग्नातोव्हा ऑक्टोबर २०१७ पासून बेपत्ता आहे. तिचे नाव अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या सर्वाधिक हव्या असलेल्या दहा गुन्हेगारांच्या यादीत घातले. तिचा सहसंस्थापक कार्ल ग्रीनवुड याला सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा दिली. नवी मुंबईच्या पोलिसांना जे २०१७ मध्ये दिसले, ते साऱ्या जगाला वेळेत दिसले असते तर किती संसार वाचले असते!

सोन्याच्या तारणाची कथाही जुनीच आहे. अमेरिकेत ‘माय बिग कॉइन’च्या प्रवर्तकाने आपले नाणे सोन्याने तारित असल्याचे सांगितले, सोने नव्हते, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याला शंभर महिन्यांची कैद झाली. ‘रीकॉइन’ने स्थावर मालमत्ता व हिरे यांचे तारण सांगितले, एकही मालमत्ता खरेदी झालेली नव्हती. ‘मेटा वन कॉइन’ने अब्ज डॉलरांच्या कलाकृती आणि दोन अब्ज डॉलरांचे सोने पाठीशी असल्याचा दावा केला, २०२० मध्ये तेथील रोखे नियामकाने तो खोटा म्हणून न्यायालयात धाव घेतली.

हे सारे छोटे भामटे झाले, असे म्हणावे तर मोठ्यांचा अनुभवही बोलका आहे. ‘टेथर’ हे डॉलरशी एकास एक बांधलेले नाणे पिरॅमिड योजना नव्हे. त्याचा जगभर प्रचंड वापर होतो. तरीही प्रत्येक नाण्यामागे डॉलर असल्याचा तिचा दावा अमेरिकी वायदे नियामकाने तपासला, तेव्हा २०१६ ते २०१८ मधील सव्वीस महिन्यांच्या नमुना काळात केवळ २७.६ टक्के दिवशीच पुरेशी रोख गंगाजळी असल्याचे आढळले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिला ४१ दशलक्ष डॉलर दंड झाला. कोणी तपासणार नसेल, तर प्रतिष्ठित संस्थाही ‘आहे’ आणि ‘असेल’ यांतील अंतर पुसू लागते.

आपल्या देशापुरते बोलायचे तर नाणे आभासी होण्यापूर्वीच तारण आभासी झाले होते. दिल्लीत मुख्यालय थाटलेल्या पीएसीएल कंपनीने शेतजमिनीच्या नावावर सुमारे पाच कोटी पंच्याऐंशी लाख लोकांकडून पैसे जमा केले. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमावी लागली. पुण्याच्या समृद्ध जीवन समूहाने शेळ्या-गुरांच्या पालनाच्या नावावर ठेवी गोळा केल्या. मुंबईत २०१३ मध्ये ‘नॅशनल स्पॉट एक्स्चेंज’चे व्यवहार थांबले, तेव्हा सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी अडकली, ज्या धान्यावर, साखरेवर, एरंडीवर सौदे झाले ते गोदामांत मोठ्या प्रमाणावर नव्हतेच. आणि जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या ‘टोरेस’ दालनासमोर जमलेल्या गर्दीने पुन्हा तेच पाहिले. तेथे गुंतवणूकदाराच्या हातात प्रत्यक्ष खडा दिला जात होता. चमकणारा, पेटीत ठेवलेला, दाखल्यासह. तो मॉइसनाइटचा कृत्रिम खडा होता, आणि दर आठवड्याला मिळणारा परतावा त्या खड्यातून नव्हे, तर नंतर आलेल्या माणसाच्या खिशातून येत होता.

या साऱ्या प्रकरणांचा सांगाडा एकच. वस्तू दाखवली जाते, पण तिच्यावरचा हक्क दिला जात नाही. जमिनीचे छायाचित्र असते, सातबारा नसतो. गोदामाची पावती असते, गोदामात पोते नसते. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण आपल्या शेतकऱ्याने बाजाराच्या अनुभवातून घडवली. आजची योजना पाण्यातल्या म्हशीचे मोल तर सांगतेच, शिवाय तिच्या दुधाचा मासिक हप्ताही देऊ करते.

आणि पिरॅमिडचा अंत अंकगणिताने ठरलेला असतो. एकाने पाच आणायचे, त्या प्रत्येकाने आणखी पाच, अशी साखळी धरली तर तेराव्या पायरीवर एकूण संख्या १५२ कोटींच्या पुढे जाते. भारताची लोकसंख्या तेथे संपते. प्रत्यक्षात योजना त्याच्या कितीतरी आधी कोसळते, आणि कोसळताना सर्वांत खालची, म्हणजे सर्वांत मोठी पायरी दबते.

तुघलकाची तांब्याची नाणी

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या संदर्भात महंमद तुघलकाची आठवण होते; आणि ती नेहमीच्या थट्टेपेक्षा वेगळ्या कारणाने. १३२९-३० च्या सुमारास त्याने चांदीच्या टंक्याऐवजी तांबे-पितळेची सांकेतिक नाणी काढली. इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो की, घराघरांत टांकसाळी सुरू झाल्या. नकली नाण्यांनी बाजार भरला, व्यापार अडला आणि दोन-तीन वर्षांत सुलतानाला योजना गुंडाळावी लागली. पण गुंडाळताना त्याने काय केले, हे आपण विसरतो. ज्याच्याकडे तांब्याचे नाणे होते, त्याला खजिन्यातून सोन्या-चांदीचे नाणे दिले. परत आलेल्या तांब्याचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिल्याचे बरनीने नोंदवले आहे. त्या नाण्याच्या पाठीशी खजिना होता, आणि खजिन्याने किंमत मोजली. ज्याच्या नावाने आपण लहरी कारभाराचे उदाहरण देतो, त्या सुलतानाने पाळलेला शब्द आजच्या एकाही नाणेसम्राटाने पाळलेला नाही.

मराठी मुलखालाही हा विचार परका नाही. पेशवाईत अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. म्हणूनच पोतदार आणि सराफ यांचे महत्त्व होते. नाणे हातात घ्यायचे, वाजवायचे, कस पाहायचा आणि कमी भरले तर बट्टा लावायचा, ही रोजची रीत होती. नाण्यावरील शिक्का कोणाचाही असो, पारख झाल्याखेरीज त्याची किंमत ठरत नसे. हुंडीचेही तसेच. ती कागदाचाच तुकडा होती. पण तिच्यावर कोणत्या पेढीने, कोठे, किती दिवसांत पैसे द्यायचे हे लिहिलेले असे. हुंडी पटली नाही, तर त्या पेढीची पत संपे.

आजच्या रुपयाच्या पाठीशी काय आहे, असा प्रश्न या योजनांचे प्रचारक विचारतात. ‘सरकारी नोटही कागदच आहे’ हे त्यांचे आवडते वाक्य. त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. नोटेमागे तेवढ्या किमतीचे सोने नाही. १९५७ पासून आपण किमान गंगाजळीची पद्धत पाळतो. कायद्याने किमान दोनशे कोटी रुपयांची राखीव मालमत्ता, त्यात ११५ कोटींचे सोने, एवढेच बंधन आहे. परंतु निघालेल्या प्रत्येक नोटेच्या देण्यासमोर सोने, परकीय रोखे, सरकारी रोखे असे काहीतरी रिझर्व्ह बँकेच्या पुस्तकात दाखवावे लागते. ते विवरण दर आठवड्याला प्रसिद्ध होते. ज्या कायद्यावर हे उभे आहे तो संसदेने १९३४ साली नव्हे, पण स्वातंत्र्यानंतर वेळोवेळी तपासला, बदलला. तो कोणीही वाचू शकतो. रुपयाची खरी पाठराखण या उत्तरदायित्वात आहे. आणि रुपया कोणालाही दरमहा दहा टक्के वाढून देण्याचे वचन देत नाही.

वसाहतीतील सभागृह

मी राहतो त्या मयूर विहारात निवृत्त नोकरदारांची वस्ती मोठी आहे. यमुनेपलीकडच्या या भागात ऐंशीच्या दशकापासून सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. सरकारी कर्मचारी, पत्रकार, प्राध्यापक यांनी भविष्यनिर्वाह निधीतून घरे बांधली. निवृत्तीच्या दिवशी एकदम हाती आलेली रक्कम, मुलगा-मुलगी परदेशी किंवा बंगळूरुला, बँकेतील व्याज महागाईला पुरेल न पुरेल असे. अशी माणसे योजनावाल्यांना नेमकी सापडतात. दोन-तीन हिवाळ्यांपूर्वी येथल्या एका सभागृहात सोन्याने तारित म्हणवणाऱ्या एका नाण्याचे सादरीकरण झाले. चहा-सामोसे होते, पडद्यावर तिजोरीचे चित्र होते. मी तीन प्रश्न विचारले: सोने कोणत्या शहरात, कोणाच्या ताब्यात आहे? ते शेवटचे कोणी मोजले? आणि मी नाणे परत दिले तर सोने कोणत्या खिडकीवर मिळेल? सादरकर्त्या तरुणाने अत्यंत नम्रपणे उत्तर दिले, ‘सर, सगळे ब्लॉकचेनवर आहे.’

हे उत्तर चतुर आहे, कारण ते अर्धसत्य आहे. ब्लॉकचेन ही एक वही आहे. कोणते नाणे कोणाकडून कोणाकडे गेले, हे ती चोख सांगू शकते. पण झुरिकच्या किंवा दुबईच्या तिजोरीत सोन्याची वीट आहे की नाही, हे कोणतीही वही स्वतःहून सांगू शकत नाही. ते कोणा माणसाला जाऊन पाहावे लागते, मोजावे लागते आणि त्याखाली सही करावी लागते. तंत्रज्ञानाने नोंदीची विश्वासार्हता वाढते. नोंद करणाऱ्याची नव्हे.

त्या सभागृहात मला अधिक खटकली ती दुसरी गोष्ट. मंचावर आमच्याच पिढीतील एक निवृत्त अधिकारी ‘मार्गदर्शक’ म्हणून बसले होते. त्यांना त्या नाण्याविषयी काही ठाऊक असावे असे वाटले नाही. शाल, श्रीफळ आणि ‘माजी’ या शब्दाचा मान त्यांना मिळाला, आणि योजनेला त्यांच्या चाळीस वर्षांच्या सेवेची पत मिळाली. शेजारच्या जोशीकाकू किंवा खालच्या मजल्यावरचे शर्माजी कंपनीचा ताळेबंद वाचत नाहीत. मंचावर कोण बसले आहे ते पाहतात. अशा योजनांतील पहिले तारण सोन्याचे नसतेच, ते परिचयाचे असते. मंडळ, जात, गाव, देऊळ, जुनी कचेरी यांतील विश्वास आधी गहाण पडतो. म्हणूनच फसलेली माणसे तक्रारीला पुढे येत नाहीत. तक्रार करायची तर आपण ज्यांना आणले, त्या भाच्याला आणि व्याह्यांनाही तोंड द्यावे लागते.

कायद्यातील फट

कायदे नाहीत असे नाही. बक्षीस चिठ्ठ्या आणि पैशाच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ चा आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली. मार्च २०२३ पासून आभासी मालमत्तांचे व्यवहार करणाऱ्या संस्था काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. रिझर्व्ह बँक तर डिसेंबर २०१३ पासून इशारे देत आहे. तिने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले; तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केला. त्यानंतर २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर आणि व्यवहारावर एक टक्का करकपात आणली. कर लावला म्हणून वैधता दिली असे नाही, ही भूमिका अर्थमंत्र्यांनी संसदेत मांडली. पण सभागृहातील पडद्यावर एवढेच दिसते: ‘सरकार कर घेते, म्हणजे मान्यता आहे.’

या सगळ्यांत एक काम कोणाकडेच नाही: ‘हे नाणे अमुक वस्तूने तारित आहे’ या विधानाची आगाऊ पडताळणी. रिझर्व्ह बँक म्हणते हे चलन नव्हे, सेबीच्या दृष्टीने ते रोखे नव्हेत, पोलीस म्हणतात आधी तक्रार येऊ द्या. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमावलीत मालमत्तेशी जोडलेल्या नाण्यांचा स्वतंत्र वर्ग केला आणि जून २०२४ पासून त्यांच्यावर परवाना व राखीव निधीची बंधने लागू केली. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये डॉलरशी बांधलेल्या नाण्यांसाठी एकास एक राखीव निधी आणि त्याचे मासिक प्रकटीकरण बंधनकारक करणारा कायदा केला. नाणे चांगले की वाईट, या वादात न पडता त्यांनी तारणाच्या दाव्याला पुरावा मागितला. आपल्यालाही तेथूनच सुरुवात करता येईल.

माझ्या मते चार गोष्टी तातडीच्या आहेत.

पहिली, सोने, जमीन, खनिज, रुपया वा डॉलर यांचे तारण असल्याचा दावा करून कोणतेही नाणे भारतात विकायचे, तर एका निश्चित नियामकाकडे नोंदणी, त्रयस्थाच्या ताब्यातील मालमत्ता आणि ठरावीक मुदतीने लेखापरीक्षण सक्तीचे असावे. नोंदणीविना तसा दावा करणे हाच गुन्हा ठरावा. तोटा होण्याची, तक्रार येण्याची वाट पाहावी लागू नये.

दुसरी, २०१९ च्या केंद्रीय कायद्यात ठेव म्हणजे ‘पैशाची रक्कम’ अशी व्याख्या आहे. गेनबिटकॉइनमध्ये लोकांनी बिटकॉइन दिले. ते पैसे आहेत काय, यावर वकील वर्षानुवर्षे वाद घालू शकतात. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याने, एमपीआयडीने, पैशाबरोबर ‘मौल्यवान वस्तू’ स्वीकारण्यालाही ठेव म्हटले आहे. स्पॉट एक्स्चेंज प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या व्यापक व्याख्येच्या आधारेच या कायद्याखालील कारवाई उचलून धरली. वीस वर्षे जुना राज्याचा कायदा नव्या केंद्रीय कायद्यापेक्षा दूरदृष्टीचा ठरला. केंद्राने तो शब्द उचलावा आणि आभासी मालमत्तेचा स्पष्ट उल्लेख जोडावा.

तिसरी, जप्त केलेल्या आभासी चलनाची कोठी. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांना गेनबिटकॉइनच्या तपासात तांत्रिक साहाय्य करणाऱ्या दोघांनाच अटक करावी लागली. त्यांतील एक भारतीय पोलीस सेवेतील माजी अधिकारी होते. तपासात हाती आलेले चलन परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण व्यवस्थेचा दोष निवाड्याविनाही दिसतो. सोने जप्त झाले तर पंचनामा होतो, वजन होते, ते सरकारी तिजोरीत जाते. परवलीच्या शब्दांच्या एका ओळीचा पंचनामा कसा करायचा, ती कोणाच्या हाती ठेवायची, किती जणांच्या संमतीने उघडायची, याची देशभर एकच लेखी पद्धत हवी.

चौथी, परतफेडीचे मोल. २०१६ मध्ये दिलेल्या एका बिटकॉइनचे आज काय द्यायचे? तेव्हाचे रुपये की आजचे बिटकॉइन? जपानमध्ये २०१४ साली बुडालेल्या ‘माउंट गॉक्स’च्या प्रकरणात हाच पेच आला. आधी जुन्या भावाने देणी ठरली; २०१८ मध्ये न्यायालयाने प्रक्रिया बदलली आणि जुलै २०२४ पासून धनकोंना बिटकॉइनच्या रूपातही परतफेड सुरू झाली. आपल्याकडे हा नियम आधीच ठरला नाही, तर वाढलेल्या भावाचा लाभ आरोपीच्या वारसांना आणि तोटा फसलेल्याला, असा उलटा न्याय होईल.

यांत एक पाचवी गोष्ट कायद्याची नाही, आमच्या बिरादरीची आहे. सेवानिवृत्त अधिकाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या सदस्यांना एवढे सांगावे की, ज्या योजनेचा ताळेबंद आपण वाचलेला नाही तिच्या मंचावर बसू नये, तिच्या पत्रकावर आपले पद छापू देऊ नये. निवृत्तिवेतन आपल्याला मिळते. पण पदाची पत ही आपली खासगी मालमत्ता नाही. ती सामान्य माणसाने शासनावर ठेवलेल्या विश्वासातून आलेली असते.

या उपायांनी लोभ नाहीसा होणार नाही, आणि नवी चलने हाताळणाऱ्या प्रामाणिक उद्योजकांनाही त्यांचा काच होईल, असा आक्षेप घेतला जातो. काच होईल हे खरे. पण ज्याच्या तिजोरीत खरोखर सोने आहे, त्याला ते मोजून घेण्यात अडचण कसली? बाजारात खऱ्या-खोट्याची पारख करणारा पोतदारच नसेल, तर खरे नाणे आणणाऱ्यालाही खोट्याच्या भावात बसावे लागते. पडताळणीचा पहिला फायदा प्रामाणिक माणसालाच होतो.

कायदा होईपर्यंत वाचकाच्या हाती तीन प्रश्न आहेत. वस्तू कोठे आहे? ती कोणी मोजली? आणि मी मागितली तर मला कोण, कोणत्या कायद्याखाली देणार? तिन्हींची उत्तरे लेखी आणि पडताळता येण्याजोगी मिळाली नाहीत, तर दरमहा मिळणारा हप्ता कितीही नियमित असो, तो आपल्याच मुद्दलातून किंवा आपल्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मुद्दलातून येतो आहे, असे समजावे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून दिल्लीत वास्तव्यास आहेत.)